बेचाळिसावं तोंड

तानूबाईला माणसांची तोंडं लक्षात राहत नसत, मेंढरांची राहत. बारामतीत लेकाच्या खोलीवर येऊन तिला तीन वर्षं झाली होती, तरी समोरच्या दारातल्या दोन जावा तिला अजून वेगळ्या ओळखू येत नव्हत्या. एकीला अडवून ती मायेनं विचारायची, "बरं वाटतंय का गं आता पोटाला?" आणि पोट दुखलेलं असायचं दुसरीचं. पण कऱ्हाटीच्या माळावर दोनशे मेंढरं होती तेव्हा संध्याकाळी कोकरं मोकळी सोडली, की कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे ती चालता चालता सांगायची. नाकाडाची ठेवण, कानाचा झोक, कपाळावरचा लोकरीचा भोवरा, सगळं तिच्या डोळ्यांत पक्कं बसलेलं असे. "आईचं त्वांड लेकराला आल्याबिगर ऱ्हात न्हाय," असं ती म्हणायची, आणि त्यात तिची चूक कधी झाली नव्हती. शहाण्णव सालापर्यंत तरी झाली नव्हती.

तिच्या नवऱ्याचं नाव म्हस्कू. आपण घ्यायचं, ती घेत नसे. ती "आमचं मालक" म्हणे, नाहीतर "नागेशचा बा". लांब, टोकाला खाली वाकलेलं नाक, जाड मान आणि उजव्या गालावर आडवा वण. तरुणपणी बाभळीचा पाला पाडताना बांबूची आकडी निसटून गालावर बसली होती, तेव्हापासूनचा. म्हस्कू बोलायला फार कंजूष. पण मेंढरांच्या बाबतीत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आणि त्याच वेळी दुसरं एखादं कोकरू आईविना उरलं, तर म्हस्कू मेलेल्या कोकराचं कातडं सोलून त्या पोरक्याच्या अंगावर बंडीसारखं बांधायचा. मेंढी हुंगायची. आपल्याच लेकराचा वास येतोय म्हणून पाजू द्यायची. आठ दिवसांनी कातडं काढून टाकायचं. तानूबाई नवी नवरी होती तेव्हा हे बघून तिला राग आला होता. "मुक्या जनावराला फशिवताय की वो! तिला कळत न्हाय व्हय?" असं ती म्हणाली होती. म्हस्कूनं उत्तर दिलं नाही, कातड्याची गाठ मारत राहिला.

असा हा म्हस्कू एक्याण्णवच्या उन्हाळ्यात गेला. मेंढरं पाण्याच्या आशेनं भीमेच्या काठाला नेली होती, इंदापूरपासून कोसभरावर तळ पडला होता. तीन दिवस तापला आणि चौथ्या दिवशी सकाळी उठलाच नाही. पुढं दोन वर्षांत नागेशनं मेंढरं विकली, कऱ्हाटीच्या रानात बाजरी टाकली आणि स्वतः बारामतीच्या एका कंपनीत लागला.

आता घरचा कर्ता माणूस गेला की वर्षाच्या आत त्याला देवात बसवायचं, ही त्यांची रीत. म्हणजे सोनाराकडून त्याचा चांदीचा टाक करून घ्यायचा, बोटभर उंचीचा, उठावाचं चित्र असलेला पत्रा, आणि देव्हाऱ्यात खंडोबा-बिरोबाच्या टाकांशेजारी ठेवायचा. तिथं बसला की त्याला निवद मिळतो. नाही बसला तर तो उपाशी फिरतो, आणि ज्या घरचा माणूस उपाशी फिरतो त्या घराच्या घशाखाली घास कसा उतरावा?

म्हणून तानूबाई आपल्या पायांतून उतरलेली जोडवी घेऊन इंदापूरच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या सोनाराकडं गेली होती. त्याच जोडव्यांची चांदी मोडून नवऱ्याचा टाक करायचा, असं तिनं मनाशी धरलं होतं. सोनाराकडं एकच ठसा होता, घोडेस्वाराचा. मेला कुणीही असो, तो त्याला घोड्यावर बसवून मोकळा होई. तानूबाई अडून बसली. "ह्येंनी जल्मात घोड्यावर टांग टाकली न्हाय, आन् मेल्यावर कशाला चढवताय? त्यांचं त्वांड करा." आणि दुकानाच्या पायरीवर बसून तिनं नवऱ्याचं तोंड सांगायला सुरुवात केली. नाक असं, मान अशी, हनुवटी पुढं, गालावर वण इथून इथवर. तासभर सांगत होती. सोनारानं ऐकून घेतलं आणि आठवड्यानं बोलावलं.

आठवड्यानं त्यानं तिच्या हातावर जो टाक ठेवला तो बघून बाईनं भर बाजारात हंबरडा फोडला. चार आण्याच्या नाण्याएवढं गोल, पाठीमागून चांदीचा पत्रा कड वळवून बसवलेला, आणि त्यात म्हस्कू. तेच नाक, तीच मान, गालावर तो वण सुद्धा. डोक्याला मुंडासं मात्र सोनाराला नीट जमलं नव्हतं, पानांची चुंबळ बांधल्यासारखं झालं होतं. ते तिनं सोडून दिलं. सगळंच कुणाला जमतं?

पाच वर्षं त्या टाकापुढं निवद दाखवून मगच ती जेवली. एक दिवस चुकला नाही.

बारामतीत दोन खणांच्या खोलीत तिचा जीव रमत नव्हता. सून मनिषा भली होती, पण सासूनं भांडं उचललं की तिला अपमान वाटायचा. शेवटी तानूबाईनंच आपली सोय लावली. दोन गल्ल्या पलीकडं हिंदुराव गुरुजी राहत, त्यांच्याकडं धान्य निवडायला ती जाऊ लागली. गुरुजी बागायतदाराच्या घरातले. भाऊ उसात रमले, हे इतिहासात. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाले तरी समोर माणूस दिसलं की त्याला सनावळी विचारावी असं त्यांना वाटायचं. त्यांना नाद होता एकाच गोष्टीचा, रोमच्या बादशहाची चांदीची नाणी. कुठल्याही गावाला गेले की आधी सोनाराच्या दुकानात शिरायचे आणि मोडीला आलेल्या दागिन्यांच्या डब्यात हात घालायचे. त्यांच्या बायकोचं, कौसल्याकाकूंचं म्हणणं असं, की दुसऱ्यांचे नवरे गुत्त्यात सापडतात, आमचे सोनाराच्या मोडीत.

त्या वर्षी गुरुजींच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता आणि दुसऱ्याचा पिकायचा होता. डोळे जायच्या आत सगळ्या नाण्यांचं वर्णन लिहून काढायचं आणि यादीसकट नाणी संग्रहालयाला देऊन टाकायची, असं त्यांनी ठरवलं होतं. श्रावणातल्या एका दुपारी ते ओसरीवर बिस्किटाचा डबा आणि भिंग घेऊन बसले होते. शेजारी तानूबाई सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत होती. गुरुजींच्या बोटांतून एक नाणं निसटलं आणि घरंगळत येऊन सुपातल्या ज्वारीत पडलं. तानूबाईनं ते खड्यासारखं उचललं, फेकायला हात मागं घेतला आणि तिची नजर त्यावर गेली.

तिचा दुसरा हात आपोआप पदराकडं गेला. पदर डोक्यावर पुरता ओढून घेऊन, मान खाली घालून ती तशीच बसली. चाळीस वर्षं म्हस्कू दारातून आत आला की ती हेच करायची.

"काय झालं, तानूबाई? खडा लागला का?"

"न्हाय जी."

"द्या इकडं. या डब्यातलंच आहे." असं म्हणून गुरुजींनी डबा पुढं केला. आत मऊ फडक्यावर म्हस्कू, म्हस्कू, म्हस्कू. एकेचाळीस.

तानूबाईनं सूप खाली ठेवलं. एक मालक घरी देव्हाऱ्यात आणि एकेचाळीस गुरुजींच्या बिस्किटाच्या डब्यात, ही काय भानगड? हे इथं कधी आले? आणि आले ते आले, एवढे कसे झाले? पण नवऱ्याबद्दल परक्या पुरुषाला कसं विचारायचं? तिनं एवढंच विचारलं, "ह्ये कोन म्हनायचं, गुरुजी?"

गुरुजींना तेवढंच पाहिजे होतं. "हा टायबेरियस. रोमचा बादशहा. याला होऊन दोन हजार वर्षं झाली. समुद्रापलीकडचे लोक आपल्याकडून मिरी न्यायचे, कापड न्यायचे, आणि त्या बदल्यात ही चांदी यायची."

"हिकडं आलता का ह्यो?"

"छे! तो कशाला येतोय? तोंड तेवढं आलं."

या उत्तरानं तिच्या डोक्याचा जो भुगा झाला तो पुढं दोन महिने तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती न बोलावताच लवकर आली आणि डब्याजवळ बसली. गुरुजी भिंगातून बघून कंटाळले होते. "सगळी एकसारखीच," ते पुटपुटले. तानूबाईला राहवलं नाही. "एकसारकी कुठं हायती?" म्हणून तिनं डबा ओढला आणि सुपातली ज्वारी निवडावी तशी नाणी निवडायला लागली. ही सात इकडं, ही चार तिकडं. "ही एका आईची. नाकाच्या बोंडीला बारीक खड्डा हाय बघा, समद्यास्नी. आन् ह्या चौघांचं कान वर चढल्यात." गुरुजींनी भिंग लावलं. पहिल्या सातांवर त्यांनी अर्धा तास काढला. मग उठून आत गेले, कौसल्याकाकूंना बाहेर घेऊन आले आणि म्हणाले, "बघ, तीस वर्षांत मला जे दिसलं नाही ते या बाईनं चहा निवायच्या आत दाखवलं." मग त्यांनी तानूबाईला समजावलं, की जुन्या काळी बादशहाचं तोंड ठशावर हातानं कोरत, ठसा झिजला की दुसरा कोरत, म्हणून एका ठशाची नाणी एकमेकांसारखी आणि दुसऱ्या ठशाची जरा वेगळी. तानूबाई म्हणाली, "त्येच मी म्हनतीया की. आई." गुरुजींच्या वहीत त्या दिवसापासून 'ठसा' हा रकाना आला, पण दोघंही बोलताना आईच म्हणत.

मग कामच सुरू झालं. ती बघून सांगायची, ते लिहून घ्यायचे. गुरुजी लिहीत, "समोरची बाजू: उजवीकडे पाहणारे मुख, मस्तकावर पर्णमुकुट." तानूबाई सांगे, "मुकुट न्हाय वो, पाला बांदलाय उनाचा. मागं गाठ सुटल्याली दिसती न्हवं का?" म्हस्कू उन्हाळ्यात मुंडाशाखाली लिंबाचा पाला घालायचा. आपल्या टाकावरचं मुंडासं चुकलेलं नव्हतं, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि कळून जास्तच गोंधळ झाला. कारण सोनाराला पाल्याचं कुणी सांगितलं होतं? तिनं तर सांगितलं नव्हतं.

नाण्याच्या पाठीवर एक बसलेली बाई होती. गुरुजी सांगत, "उजव्या हातात राजदंड, डाव्या हातात डहाळी. काही जण म्हणतात ही त्याची आई, काही म्हणतात शांतीची देवता. नक्की कुणालाच ठाऊक नाही."

"मेंढरं राखती," तानूबाई म्हणाली.

"कोण?"

"ही बाई. काठी हाय, कोकरांस्नी डहाळी धरलीया. राजाची आई कशाला पाला घिऊन बसंल?"

गुरुजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पण वहीच्या समासात त्यांनी ते बारीक अक्षरात लिहून ठेवलं. इतिहासाचा मास्तर, कुठलाही पुरावा वाया जाऊ द्यायचा नाही.

एकेचाळिसांपैकी अकरा नाण्यांवर बादशहाच्या तोंडावर छिन्नीचे घाव होते. कुणाच्या गळ्यावर, कुणाच्या डोक्यावर, दोघांच्या गालावर. "हे आपल्याच लोकांनी केलं असावं," गुरुजी म्हणाले. "आत तांबं तर नाही ना, हे बघायला. पण तेही नक्की नाही." गालावरच्या त्या घावावरून तानूबाईनं पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. आकडी म्हस्कूच्या गालावर बसली तेव्हा ती समोर होती. रक्त तिनं पुसलं होतं. मग हा घाव कुणाचा?

घरी आता निवद दाखवणं अवघड झालं. ताट घेऊन ती देव्हाऱ्यापुढं बसायची आणि हात थांबायचा. जो बसलाय तो म्हस्कू नसेल, तर म्हस्कू कुठं आहे? पाच वर्षं आपण रोज भाकरी कुणाला दाखवली? एक परका बादशहा त्याच्या पाटावर बसून जेवतोय आणि आपला माणूस भीमेच्या काठाला उपाशी उभा आहे, असं तिच्या डोळ्यांसमोर यायचं आणि तिला रडू फुटायचं. माणूस जिवंतपणी उपाशी राहिला तर त्याला मागता तरी येतं.

तिनं नागेशला सांगितलं. तो रात्रपाळीहून आला होता, त्याला झोप हवी होती. "आये, सोनारानं फशिवलं आसंल. ह्यो नदीत सोडू, दुसरा करू. त्यात काय यवढं?" मनिषाचं डोकं जास्त चालत होतं. ती म्हणाली, "आत्या, दरसाल पितरं घालतो तवा कावळा लगीच शिवतो का न्हाय? मामंजींस्नी पोचतंय म्हून तर शिवतो." तानूबाईला घटकाभर बरं वाटलं. मग तिच्या मनात आलं, की बादशहा जेवायला बसला असला तरी कावळा शिवणारच. कावळ्याला काय कळतंय रोमचं?

पितृपक्ष लागला आणि तिचा धीर सुटला. सर्वपित्री अमावास्या चार दिवसांवर आली, तेव्हा तिनं टाक पदराच्या गाठीला बांधला आणि गुरुजींच्या पुढं नेऊन सोडला. पाच वर्षांची सगळी हकिकत सांगितली. गुरुजींनी भिंग लावलं. "बेचाळिसावं!" ते ओरडलेच. मग तिच्या तोंडाकडं बघून त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"गुरुजी, खरं सांगा. ह्यो माझा मालक हाय का तुमचा बादशा?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "तानूबाई, नाणं म्हणून विचाराल तर बादशहा. तेही पाठीवर ती बाई आहे का, हे बघितल्याशिवाय मी लिहून देणार नाही, आणि पाठीवर हा पत्रा आहे. पण टाक म्हणून विचाराल, तर ते मला कसं सांगता येईल?"

"म्हंजी?"

"म्हणजे, मला माहीत नाही."

तानूबाईला भयंकर राग आला. "तुमी शिकल्याली मानसं! एक इचारलं तर दोन सांगताय. मला त्ये जेवल्यात का न्हाय तेवडं पायजे." टाक उचलून ती तरातरा निघून गेली. गुरुजींनी वहीत बेचाळीस आकडा घालून ठेवला आणि पुढची ओळ कोरी सोडली.

अमावास्येच्या आदल्या दिवशी तिनं सकाळची एसटी धरली. इंदापूरच्या स्टँडवर उतरली तेव्हा ऊन चढलं होतं. सोनाराचं दुकान तिथंच होतं, सोनार मात्र पाच वर्षांत निम्मा झाला होता. त्यानं तिला ओळखलं नाही. टाक ओळखला.

"घोडा नको म्हननारी बाई!"

"व्हय आबा. मीच. आता खरं सांगायचं. माझी जोडवी कुठं गेली, आन् ह्यो कोन हाय?"

सोनारानं टाक तळहातावर घेऊन उलटापालटा केला. मग म्हणाला, "बाई, मला त्वांड कोरता येत न्हाय. बापानं घोडा शिकवला, जल्मभर घोडंच केलं. तुमी त्या दिशी सांगत बसला. नाक लांब, मान जाड, गालाला वण. आन् मला याद आली, मोडीच्या डब्यात असलंच एक नानं पडलंय. बापाच्या येळंपासनं पडल्यालं. मोडायला हात हुईना म्हून ठिवल्यालं. म्हनलं, बाईला दावू, नको म्हनली तर घोडा हायेच. दावलं, तर तुमी रडाया लागला. 'आलं माझं मालक' म्हनला. मग म्या काय बोलावं? तुमीच सांगा."

"आन् माझी जोडवी?" तानूबाईनं विचारलं.

"जोडव्याची चांदी गुंजभर बी ठिवली न्हाय. समदी पाठीला घातलीया. म्हनलं, मागनं तरी त्यांची असावी." मग खाकरून तो म्हणाला, "तुमच्या मनात किंतू आला आसंल तर पत्रा काडतो. ह्याच चांदीत आत्ता घोडा करून देतो. एक पैसा नको."

"पाठ दावा," तानूबाई म्हणाली.

सोनारानं बारीक पकडीनं वळवलेली कड उचलली. पत्रा टपकन सुटला. त्यानं नाणं पालथं करून पुढं धरलं, आणि त्यावर ती होती. काठी आणि डहाळी घेऊन बसलेली. पाच वर्षं जोडव्यांच्या चांदीखाली, म्हस्कूच्या पाठीला पाठ लावून ती बसली होती. आता संशयाला जागाच उरली नाही. बादशहा होता. पहिल्यापासून तोच होता.

"बगितलं?" असं म्हणून सोनारानं नाणं उलटं केलं.

तानूबाईचा हात पदराकडं गेला. काय होतंय हे कळायच्या आत पदर डोक्यावर आला होता आणि मान खाली झाली होती. मग तिला ते कळलं. पदर तसाच धरून ती किती तरी वेळ उभी राहिली. हसावं का रडावं हे तिला समजेना, म्हणून तिनं दोन्हीही केलं नाही.

"मग घोडा करू न्हवं?"

"नको."

"पत्रा माघारी बशिवतो मग."

"त्यो बी नको. द्या तसंच." नाणं तिनं पदराच्या एका टोकाला बांधलं, पत्रा दुसऱ्या. सोनाराला वाकून नमस्कार केला. त्या म्हाताऱ्याला तेवढं पुरलं.

अमावास्येच्या सकाळी ती गुरुजींच्या ओसरीवर हजर झाली. गुरुजी आंघोळ सुद्धा न करता भिंग घेऊन बसले. पाठ बघितली, पोट बघितलं, आणि लहान पोरासारखे खूश झाले. "टायबेरियसच. शंकाच नाही. आता ठसा सांगा, तानूबाई. कुणाचं लेकरू?"

तानूबाईनं नाणं हातात घेतलं आणि डब्यातल्या एकेकाशेजारी धरून बघितलं. खड्ड्याच्या नाकाची सात बघितली, वर चढलेल्या कानांची चार बघितली, बाकीचीही बघितली. सगळी झाल्यावर तिनं मान हलवली. "ह्याची आई ह्येंच्यात न्हाय. निराळ्याच मेंढीचं हाय. पोरकं हाय."

गुरुजींनी तसं लिहिलं. मग तिच्या हातातून नाणं घेऊन, ज्या प्रश्नावर त्यांच्या तोंडून दोन उत्तरं आली होती तोच प्रश्न त्यांनी भीत भीत तिला विचारला. "मग आता, तानूबाई? हे कोण म्हणायचं? बादशहा म्हणू का म्हस्कू?"

तानूबाईनं नाणं त्यांच्या हातातून घेतलं आणि पदराला गाठ मारली. एक गाठ मारून झाली, मग तिच्यावर दुसरी. घाई केली नाही.

"गुरुजी, मेंढीचं कोकरू मेलं का त्येचं कातडं पोरक्याच्या अंगावर बांदत्यात. वासानं ती पाजती. आठ दिसांनी कातडं काडत्यात, तवा ती पुन्ना हुंगती. मी नवी हुते तवा मालकास्नी इचारलं हुतं, तिला कळत न्हाय व्हय? त्ये काय बोललं न्हाईत." ती उठून उभी राहिली. "कळतं, गुरुजी. चांगलं कळतं. पर तवर पान्हा फुटल्याला असतू."

तानूबाई पायरी उतरून चपला घालू लागली.

"जाते," ती म्हणाली. "आज अवस हाय. दोन दीस झालं, त्यास्नी निवद न्हाय."